साडेसहाचं फूल

फळ हरभऱ्याएवढं होतं. सकाळी गॅलरीत चहा घेऊन उभा होतो, चष्मा कपाळावर होता, आणि सीताफळाच्या तिसऱ्या फांदीच्या पोटाशी काहीतरी हिरवं, खरबरीत दिसलं. आधी वाटलं, किडा असेल. चष्मा खाली ओढला. किडा नव्हता. पाकळ्या गळून मागे राहिलेली गाठ होती आणि तिच्यावर खवल्यांची नक्षी नुकती उमटायला लागली होती. साडेपाच वर्षं मी या झाडाला पाणी घालतो आहे. तीन वर्षं त्याला फुलं येतात आणि दोन-चार दिवसांत देठासकट फरशीवर पडतात. तेव्हा आता आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाट पाहिली. चहा निवला, खालून शाळेची गाडी गेली, समोरच्या इमारतीतल्या बाईंनी चादर झटकली, आनंद काही आला नाही. आलं ते वेगळंच. जिना उतरताना एक पायरी जास्त मोजावी आणि पाय नुसताच जमिनीवर आपटावा, तसं क्षणभर झालं. कारण हे फळ मी धरवलेलं नव्हतं. गेला दीड महिना मी ब्रशला हातसुद्धा लावला नव्हता.

आता ब्रशचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल म्हातारा झाडाला रंग देतो. चौथ्या मजल्यावर, अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात वाढलेल्या सीताफळाला आपणहून फळ धरत नाही. ज्या बारीक किड्यांना हे काम येतं ते इतक्या वर येत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे. म्हणून माणसानं मध्यस्थी करायची. एका फुलातले पराग डबीत झाडून घ्यायचे आणि ब्रशानं दुसऱ्या फुलात ठेवायचे. रोपवाटिकेतल्या माळ्यानं मला एवढं सांगितलं होतं आणि मी त्याचं एवढंच ऐकलं होतं. पुढचं तो सांगत होता तेव्हा मीच त्याला एक गोष्ट सांगायला सुरुवात केली होती. तर रोज सकाळी सात वाजता, लेकीच्या जुन्या रंगपेटीतला शून्य नंबरचा ब्रश घेऊन मी तीन मोसम हा उद्योग केला. फुलं टपोरी उघडलेली असायची. हिच्या कानातल्यांच्या डबीत पिवळट भुकटी जमायची, ती मी फुलाफुलांत फिरवायचो, आणि दोन दिवसांनी फुलं फरशीवर. चौथ्या मोसमात मी फिरवणं सोडलं. भुकटी मात्र टिचकीनं डबीत झाडून ठेवत राहिलो. का, ते सांगता येणार नाही. चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस निवृत्त झाला तरी सकाळी उठून काहीतरी डबीत भरतोच.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानांतून जायचं, मखमली खोबणीतली पितळी वजनं काढायची, समोरच्याचा काटा तपासायचा, खरा असेल तर शिक्का, खोटा असेल तर जप्ती. दिवसभर एक ग्रॅम इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि त्याची भरपाई म्हणून उरलेला वेळ थापा मारल्या. आमच्या इमारतीखाली शिंपीमास्तरांचं दुकान आहे, तिथं माझं गिऱ्हाईक पक्कं. हे झाड म्हणजे एका जहाजावरच्या स्वयंपाक्यानं दाढेत लपवून आणलेलं बी, असं मी मास्तरांना सांगून ठेवलं आहे. दाढेत का, तर बंदरावर खिसे तपासतात. खरं म्हणजे सीताफळ खाताना हिनं पुदिन्याच्या कुंडीत बिया थुंकल्या होत्या, त्यातली एक उगवली. पण असलं खरं सांगून कोणाचं भलं झालं आहे?

त्या सकाळी मी फ्रिज उघडला. दाराच्या कप्प्यात, औषधांच्या शेजारी कानातल्यांची डबी होती. महिनाभराची भुकटी असायला हवी होती, ती चिमूटभर उरली होती. ब्रश पेल्यात उभा होता, केस वर करून, धुतलेला. मी केस खाली करून ठेवतो. आमच्या घरात माणसं दोनच. दुसरं माणूस स्वयंपाकघरात पाठमोरं उभं राहून तांदूळ निवडत होतं. ‘फळ धरलंय,’ एवढं म्हटलं असतं तर ती वळली असती. मी फ्रिजचं दार लावलं. तिनं विचारलं, ‘काय हवंय?’ मी म्हटलं, ‘काही नाही.’ दोन वर्षं आमचं बहुतेक बोलणं या दोन वाक्यांत आटपतं.

आठच दिवसांपूर्वी एक तिसरं वाक्य आलं होतं. जेवताना तिनं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, ‘ताईच्या घरावर एक खोली चढवतायत. झाली की मी तिकडे जाईन म्हणते. राहायलाच.’ ताई म्हणजे आमची लेक. मी पाणी ओतून घेतलं आणि म्हटलं, ‘बरं.’ ती थोडी थांबली. मग म्हणाली, ‘तुम्हाला यायचं असेल तर तसं सांगा.’ मी पुन्हा म्हटलं, ‘बरं.’ एकाच जेवणात दोन ‘बरं’. तिनं ताट उचललं. मी बसून राहिलो आणि आत कुठं दुखतंय का ते चाचपून पाहिलं. दाढ काढल्यावर गाल चाचपतो ना आपण, गाल आपलाच असतो आणि बोटाला भलत्याचाच लागतो, तसं. कोणीतरी जाणार होतं. कोण, केव्हा, हे सगळं कळत होतं. वजन तेवढं लागत नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायला हवं, पण पूर्वी म्हणजे तरी किती? ही तीस वर्षं मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर रात्रपाळीला होती. लेक लहान, दिवसा घरी कोणीतरी हवं, म्हणून तिनं रात्र मागून घेतली आणि मग ती अंगवळणी पडली. संध्याकाळी सातला ती निघायची, मी सातला दहा कमी असताना पोचायचो. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती यायची, आठ-वीसला मी जायचो. म्हणजे आमचा संसार दिवसाला वीस मिनिटांचा, तोही दारात. एक चप्पल घालतंय, एक काढतंय. दूध नासलंय, लेकीला ताप आहे, किल्ली चपलांच्या फळीवर, हे सगळं पाच मिनिटांत. उरलेल्या पाचात मी तिला एक थाप मारायचो. बाजारात एक काटा इतका हलका सापडला, की त्यावर सावली पडली तरी तो झुकायचा. दुकानदार उन्हात बसून माल विकायचा आणि स्वतःची सावली पारड्यात ठेवायचा. ढगाळ दिवशी गिऱ्हाइकांची झुंबड. ती जिना उतरताना हसायची आणि तिचं हसणं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं. मी निवृत्त झालो तरी ती चार वर्षं जात होती, आणि मी दिवसभर घरात बसून संध्याकाळच्या पाच मिनिटांसाठी एक खोटं घासूनपुसून तयार करत होतो. मग तीही निवृत्त झाली. तिला कोणत्या कुशीवर झोप लागते हे मला साठीनंतर कळलं. चोवीस तास समोर आले आणि सांगायला पाच मिनिटांचंही राहिलं नाही. समोर बसलेल्या माणसाला थाप कशी मारायची? तिला निघायची घाई असायला हवी.

फळाचं मी कोणाला बोललो नाही. रोज सकाळी त्याच्याखाली तळहात धरायचो. खात्यात माझा हात प्रसिद्ध होता, पाच ग्रॅमपेक्षा जास्त चुकायचा नाही. फांदीवरच्या फळाचं वजन असं घेता येत नाही हे मलाही कळतं, पण हात घेत होता. दहा ग्रॅम. तीस. लेकीचा फोन यायचा, ही कानाला लावून हं हं करायची आणि ठेवल्यावर सांगायची, ‘भिंती झाल्या.’ फळ साठ ग्रॅम. ‘छत पडलं.’ नव्वद. फळाच्या बेचक्यात पांढरा पिठासारखा किडा बसला, तो मी साबणाच्या पाण्यात चिंधी बुडवून पुसून काढला. दुसऱ्या दिवशी पुसायला गेलो तर तिथं आधीच कोणी पुसलं होतं. त्याच फांदीवर आणखी दोन फळं धरली, एक गळलं. मी पहाटे भुकटी झाडून ठेवत होतो. डबी रात्रीपर्यंत रिकामी होत होती. आमच्यात इतकी देवाणघेवाण पूर्वी कधी नव्हती.

एका संध्याकाळी ‘मास्तरांकडे जाऊन येतो’ म्हणालो आणि खाली गेलो. दुकानाच्या पायरीवर बसलं की आमची गॅलरी दिसते. मास्तर कोणाच्या तरी पाटलोणीची उंची कमी करत होते. साडेसहाला पाच-दहा मिनिटं असताना ही गॅलरीत आली. नोकरीच्या दिवसांत याच वेळेला तिची वेणी घालून झालेली असायची. आत्ताही झाली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका हातात डबी. उघडलेल्या टपोऱ्या फुलांकडे तिनं पाहिलंही नाही. ती पानांखाली हात घालून मिटलेली फुलं चाचपत होती, आणि ज्याच्या पाकळ्या टोकाशी नुकत्या सुटायला लागल्या होत्या असं एक फूल तिनं दोन बोटांत धरलं, पाकळ्या हलकेच फाकवल्या, आणि ब्रश आत घातला. मग मला कळलं. पायरीवर बसल्याबसल्या, पाटलोणीचे कापलेले तुकडे पायाशी पडत असताना, माळ्यानं सांगितलेलं आणि मी न ऐकलेलं पुढचं सगळं कळलं. आमच्या झाडाचं फूल संध्याकाळी किलकिलं होतं तेव्हा ते बाई असतं, घ्यायला तयार. सकाळी टपोरं उघडतं तेव्हा ते पुरुष झालेलं असतं, पराग द्यायला बसलेलं, आणि आतली वाट सुकलेली. एकाच फुलात दोघं राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत. मी तीन वर्षं सकाळच्या फुलांना सकाळचाच माल वाटत होतो.

‘वहिनी काय करतायत?’ मास्तरांनी सुई तोंडात धरून विचारलं.

‘धूळ पुसतायत.’

‘झाडाची?’

‘आमच्याकडे झाडाला रोज पुसतात.’

‘आणि तुम्हाला? सणासुदीला?’

मी हसलो. म्हणजे तोंड तसं केलं. मास्तरांनी दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. ‘वहिनी जाणार म्हणे,’ ते म्हणाले. कोणी सांगितलं ते विचारायचं मला सुचलं नाही. मी त्यांना सांगितलं की छे, लेकीकडे एक खोली बांधतायत ती फिरती आहे, खाली चाकं, दर सहा महिन्यांनी ती इथं आणून लावणार. मास्तर एरवी अशा वेळी मांडीवर थाप मारतात. ते म्हणाले, ‘थांबवा की हो त्यांना.’ मी म्हटलं, ‘बरं.’

वर आलो तेव्हा डबी फ्रिजमध्ये होती आणि ब्रश पेल्यात, केस वर करून. तिच्या बोटाच्या पेरावर पिवळा कण राहिला होता. ती वाढत होती आणि मी तो कण पाहत होतो. बोललो तर काय होईल याचा मी विचार केला. ती म्हणेल, अहो सकाळी नसतं ते. मी म्हणेन, असं होय. मग ब्रश एकाच माणसाकडे जाईल, बहुधा तिच्याकडे, किंवा जाणारच आहे म्हणून माझ्याकडे, आणि सकाळ-संध्याकाळ एकच हात फिरेल. आत्ता निदान दिवसातून एकदा मी ठेवलेलं काहीतरी ती उचलत होती. ते मोडायचं नव्हतं. की हेही मी आत्ता रचून सांगतो आहे? तेव्हा बहुधा नुसतं जेवलो असेन.

‘गिलावा झाला.’ एकशे चाळीस ग्रॅम. ‘खिडकी बसली, पश्चिमेला आहे.’ दोनशे. तिनं कपाट रिकामं करायला घेतलं. साड्यांच्या दोन थप्प्या, एक न्यायची, एक इथंच. मला वाटलं, इथं ठेवलेली थप्पी मोठी आहे का ते पाहावं. नजरेनं वजन केलं. दोन्ही सारख्या होत्या. ‘रंग देतायत,’ तिनं सांगितलं. ‘पांढरा?’ मी विचारलं. दोन वर्षांत मी विचारलेला हा बहुधा पहिला नवा प्रश्न. ‘पिस्त्यासारखा,’ ती म्हणाली आणि पुढं काही येतंय का म्हणून थांबली. मला रंग डोळ्यांपुढं आला, खोली आली, तीत ती आली. मी तिथं कुठं उभा आहे ते दिसेना. मी वर्तमानपत्र उलटलं.

जायच्या दिवशी सकाळी फळ अडीचशेच्या घरात होतं. खवल्यांमधल्या फटी अजून हिरव्या होत्या, त्या पांढुरक्या झाल्याशिवाय काढायचं नसतं. टॅक्सी खाली उभी होती. मी दोन बॅगा दारात आणल्या. ती चप्पल घालत होती. एक पट्टा नीट बसेना, ती भिंतीला हात टेकून वाकली होती, आणि मी दाराच्या आत उभा होतो. तीस वर्षं आम्ही जिथं उभे राहिलो तिथंच होतो. मला वाटलं, आता येईल. आलंही. मी म्हटलं, ‘बाजारात एक काटा होता, इतका हलका, की सावली पडली तरी...’

‘सांगितलंय तुम्ही हे,’ ती म्हणाली. ‘ताई पाचवीत होती तेव्हा.’

तिनं पट्टा लावला आणि सरळ झाली. ‘पिंपाला खाली विटा आहेत, त्यातली एक हलतेय. आणि ते फूल संध्याकाळी साडेसहाला उघडतं. सकाळी करून उपयोग नाही.’

‘माहीत आहे.’

‘कधीपासून?’

‘ब्रशचं, फळ धरल्यापासून.’

ती माझ्याकडे पाहत राहिली. खाली टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, बोटभर. ‘चार महिने झाले,’ ती म्हणाली. ‘मी रोज वाट पाहत होते, तुम्ही पकडाल म्हणून. ब्रशसुद्धा उलटा ठेवत होते.’

मी म्हटलं, ‘बॅगा मी आणतो.’ तिनं एक उचललीच होती. तिच्यामागून जिना उतरताना मी तिची वेणी पाहत होतो. दुसऱ्या मजल्यावर ती थोडी थांबली, दम लागला म्हणून असेल. टॅक्सीचं दार मी लावलं. नीट बसलं नाही, पुन्हा उघडून लावावं लागलं. मास्तर दुकानातून बाहेर आले नव्हते. त्यांचं यंत्र मात्र थांबलं होतं.

पुढचे सहा दिवस मी सकाळी भुकटी झाडली आणि संध्याकाळी साडेसहाला ब्रश घेऊन गॅलरीत गेलो. कोणतं फूल नुकतं सुटायला लागलंय ते मला ओळखता येत नाही. मला सगळी मिटलेलीच दिसतात. दोन फाकवायला गेलो, दोन्हींच्या पाकळ्या हातात आल्या. सातव्या दिवशी फटी पांढुरक्या झाल्या. फळ कात्रीनं देठाजवळ कापलं, कागदात गुंडाळलं. दोन दिवसांनी ते अंगठ्याखाली दबलं. दुपारी स्वयंपाकघरात टेबलाशी बसलो, दोन हातांनी उघडलं, आणि सबंध खाल्लं. गर दाट होता, बिया सुट्या होत होत्या, हाताला चिकट लागत होतं, हे सगळं समजत होतं. चव आली नाही. जिभेवर ठेवून वाट पाहिली, नाकाशी धरलं. काही नाही. बशीत एकेचाळीस बिया होत्या. हात धुतले आणि लेकीच्या घरी फोन लावला.

‘बाबा? बरे आहात ना?’ लेकीनं विचारलं.

‘आईला दे.’

थोडी खडखड, पावलं, मग हिचा आवाज, बोर्डावरचा, सपाट आणि स्वच्छ. ‘हॅलो.’

‘फळ काढलं.’

‘हं. कसं होतं?’

साखरेसारखं, असं म्हणायचं. मधासारखं. मास्तर एक फोड खाऊन तीन दिवस गोड बोलत होते म्हणायचं. सगळं तोंडाशी होतं. मी म्हटलं, ‘कळलं नाही.’

‘म्हणजे?’

‘खाल्लं सगळं. चव कळली नाही.’

ती म्हणाली, ‘खोटं तरी सांगायचंत.’

‘सुचलं नाही.’

‘हं. खोली चांगली आहे. ताईनं पडदे लावलेत. संध्याकाळ झाली की मी उठून उभी राहते, आणि मग कळत नाही कशाला उठले ते. ताई विचारते, काय हवंय? मी म्हणते, काही नाही.’

टेबलावर एक बी घरंगळून पडली होती, ती मी बोटानं पुन्हा बशीत सरकवली.

‘फुलं आहेत का अजून?’ तिनं विचारलं.

‘तीन-चार असतील. मला ओळखता येत नाहीत.’

‘टोकाला बघायचं. टोक जरासं पिवळट होतं.’

‘बघितलं. नाही ओळखता येत.’ आणि मग, कसं ते माहीत नाही, पुढचे दोन शब्द निघाले. ठरवून नाही. रचून तर नाहीच. ‘तू ये.’

‘पुन्हा सांगा,’ ती म्हणाली. ‘आवाज तुटला मध्येच.’

आवाज तुटला नव्हता. तिकडच्या खोलीतल्या पंख्याची घरघर मला ऐकू येत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तीस वर्षं बोर्डावर बसलेल्या बाईला लाइन केव्हा तुटते ते कळत नाही असं कोणी म्हणू नये. आमच्या सगळ्या संसारात तिनं मला सांगितलेलं ते पहिलं खोटं असावं.

मी पुन्हा सांगितलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही, आणि फोनही ठेवला नाही. कान तापला तेव्हा मी फोन दुसऱ्या कानाला लावला.